दोष संस्कारांचा कीं स्वतःच्या निवडीचा ?

मराठी घरांतून मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत येणाऱ्या गोष्टींत चोरांच्या दोन गोष्टी अगदीं ठरलेल्या आहेत. पहिलींत एका चोराला फांशीची शिक्षा होते. शेवटची इच्छा म्हणून तो आईची भेट मागतो, कानांत कांहीं सांगावयाचें आहे असें म्हणून तिला जवळ बोलावतो आणि तिचा कान कडाडून चावतो. लहानपणीं पहिली चोरी करून तो घरीं आला, तेव्हां आईनें त्याला शासन केलें असतें तर हा दिवस उगवला नसता, हें त्याचें गाऱ्हाणें. दुसरी गोष्ट वाल्या कोळ्याची. वाटसरूंना लुटून बायकामुलांचें पोट भरणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, ज्यांच्यासाठीं हें पाप करतोस ते त्या पापाचा वांटा घेतील काय ? वाल्या घरीं जाऊन विचारतो आणि घरचीं माणसें साफ नकार देतात. ज्याचें पाप त्यालाच तें फेडावें लागतें, हें त्या दिवशीं त्याला उमगतें.

एकाच आजीच्या तोंडून, एकाच माजघरांत, या दोन्ही गोष्टी ऐकावयास मिळतात. आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देतात हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पहिली म्हणते, दोष वाढविणाऱ्याचा. दुसरी म्हणते, दोष करणाऱ्याचा. म्हणींचेंहि तसेंच आहे. "खाण तशी माती" असें म्हणणारा मनुष्य दुसऱ्याच घटकेस "करावें तसें भरावें" असेंहि तितक्याच खात्रीनें म्हणतो.

हा विरोध केवळ गोष्टींपुरता असता तर त्याची चिकित्सा करण्याचें कारण नव्हतें. परंतु शिक्षा ठरवितांना न्यायाधीशाला, वर्गांतील द्वाड मुलाशीं वागतांना शिक्षकाला, पोराची पहिली चोरी उघडकीस आल्यावर बापाला, आणि तुरुंगांतून सुटून आलेल्या माणसाला कामावर ठेवावें कीं नाहीं हें ठरवितांना मालकाला या प्रश्नाचें उत्तर प्रत्यक्ष द्यावें लागतें. उत्तर चुकलें तर कोणाचें तरी आयुष्य त्या चुकीखालीं भरडलें जातें. यास्तव प्रश्नाची नीट फोड करून पाहणें अवश्य आहे.

या वादांत पहिली चूक होते ती दोन निराळे प्रश्न एकत्र केल्यामुळें. 'हें कां घडलें ?' हा एक प्रश्न, आणि 'याला जबाबदार कोण ?' हा दुसरा. पावसानें निसरड्या झालेल्या पायवाटेवर मनुष्य घसरला तर निसरड हें त्याच्या पडण्याचें कारण होय. पण निसरडीवर कोणी फिर्याद करीत नाहीं. त्याच वाटेवर एकानें दुसऱ्याला ढकलून दिलें तर, वाट निसरडी होती एवढ्यानें ढकलणारा सुटत नाहीं. शिवाय ती वाट वर्षानुवर्षें तशीच ठेवणारे गांवचे कारभारीहि आपले हात झटकूं शकत नाहींत. एका घटनेचीं कारणें अनेक असतात आणि जबाबदारीचे वांटेकरीहि अनेक असूं शकतात. एकाचा वांटा दाखविल्यानें दुसऱ्याचा कमी होतो असें मानण्याचें कारण नाहीं. संस्कारांचा परिणाम मान्य करूनहि करणाऱ्याला जबाबदार धरतां येतें, आणि करणाऱ्याला जबाबदार धरूनहि त्याला वाढविणाऱ्या समाजाला जाब विचारतां येतो.

कायद्यानें हा विचार आपल्या पद्धतीनें केलेला आहे. सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंहि कृत्य गुन्हा ठरत नाहीं, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचें स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आलेली नसेल तर त्याचेंहि कृत्य गुन्हा ठरत नाहीं, असे नियम १८६० सालच्या भारतीय दंडविधानाच्या ८२ व ८३ या कलमांत होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागीं भारतीय न्याय संहिता अमलांत आली; तींतहि हे नियम २० व २१ या कलमांत कायम आहेत. अठरा वर्षांखालील मुलांकरितां बाल न्याय कायदा आहे. २०१५ सालच्या या कायद्याप्रमाणें, सोळा वर्षें पूर्ण झालेल्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ आधीं त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम ओळखण्याची शक्ति आणि तो प्रकार ज्या परिस्थितींत घडला ती परिस्थिति यांची प्राथमिक पाहणी करतें. आणि मगच त्याचा खटला प्रौढांप्रमाणें चालवावा किंवा कसें हें ठरतें. समज एका रात्रींत येत नाहीं, ती पायरीपायरीनें येते आणि जबाबदारीहि त्याच पायऱ्यांनीं चढत जाते, हें या नियमांचें तात्पर्य. निवड करण्याची शक्ति माणसाला पाळण्यांत मिळत नाहीं. ती त्याच्यांत वाढवावी लागते.

परंतु याच देशांत एक कायदा असा होता कीं, ज्याला समजाहि नको होती आणि कृत्यहि नको होतें. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी सबंध जमात सरकारी पत्रकानें गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला. मग त्या जमातींत जन्मलेल्याला नांवनोंदणी, पोलिसांकडील हजेरी आणि येण्याजाण्यावरील निर्बंध हीं सर्व वडिलोपार्जित इस्टेटीप्रमाणें मिळत. पांच वर्षांनीं, १८७६ सालीं, इटलींतील वैद्य लोंब्रोसो यानें, खरा गुन्हेगार जन्मतःच तसा असतो व कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याला ओळखतां येतें, असें प्रतिपादणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडांतील तुरुंगांचे वैद्य चार्ल्स गोरिंग यांनीं हजारों कैद्यांचीं मापें घेऊन तीं इतर लोकांच्या मापांशीं ताडून पाहिलीं आणि १९१३ सालीं असा कोणताहि शारीरिक नमुना आढळत नाहीं, असा निष्कर्ष मांडला. शास्त्रानें कल्पना टाकून दिली. पण हिंदुस्थानांतील कायदा मात्र १९११ व १९२४ सालीं आणखी विस्तारला.

महाराष्ट्रांत या कायद्याची खूण म्हणजे सोलापूरची तारेच्या कुंपणांतील वसाहत. कायद्यानें तयार केलेलें चक्र सोपें होतें. गुन्हेगार म्हणून नोंद झालेल्याला कोणी काम देईना; काम नाहीं म्हणून पोटासाठीं चोरी; आणि चोरी केली म्हणून नोंद खरी ठरली ! स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं, हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊं लागल्या. तथापि कागद फाटला म्हणून संशय फाटत नाहीं. तुरुंगांच्या नियमावल्यांत जात व जमात पाहून कैद्यांना कामें वांटून देणारीं आणि विमुक्तांना जन्मजात सराईत मानणारीं कलमें पुढेंहि राहिलीं. तीं घटनाबाह्य ठरविणारा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं दिला. मधल्या काळांत बहात्तर वर्षें गेलीं होतीं.

या चक्राचें आंतून केलेलें वर्णन लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनांत आहे. लहान मुलांना खिसे कापण्याचें शिक्षण घरांतच कसें मिळे, मार सोसण्याची संवय त्यांना मुद्दाम कशी लावीत आणि पोलिस केव्हांहि दारांत कसे येत, हें त्यांत आलें आहे. संस्कार गुन्ह्याकडे नेतात याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणें कठीण. परंतु तो ग्रंथ लिहिणारा पुरुष त्याच घरांत वाढला होता. बापानें त्याला शाळेंत घातलें, पुढें तो लातूरच्या सूतगिरणींत कामाला लागला आणि आपल्या समाजाच्या हक्कांसाठीं झटूं लागला. यावरून कोणी म्हणेल, 'पाहा, ज्याला सुधारावयाचें तो सुधारतोच.' हें अर्धेंच सत्य होय. त्या मुलाची इच्छा खरी होती. पण शाळेचा दरवाजा उघडला नसता तर ती इच्छा कोठें जाती? आणि दरवाजा उघडूनहि त्यानें पाऊल टाकलें नसतें तर शाळेचा काय उपयोग झाला असता ?

ठाणें जिल्ह्यांतून १ ऑगस्ट २०१४ रोजीं निराळा झालेला पालघर जिल्हा, आणि त्यांतील डहाणू व तलासरी हे तालुके, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यास फार शिकवितात. मसोली, बोर्डी, कोसबाड, गंजाड हीं डहाणू तालुक्यांतील गांवें. पश्चिमेस समुद्र व त्याच्या कांठच्या वाड्या, पूर्वेस डोंगर आणि वारली लोकांचे पाडे. या पाड्यांवरील माणसाला इंग्रजी अमलांत गुन्हेगार होण्यास फारसें कांहीं करावें लागत नसे. भाताच्या रोपांसाठीं राब भाजावयास फांद्या तोडल्या तर तो जंगलाचा गुन्हा; घरीं दारू गाळली तर अबकारीचा गुन्हा; आणि १८९२ च्या मोहाविषयींच्या कायद्यानंतर मोहाचीं फुलें घरांत सांठविणेंहि संशयास्पद. आजा जें उजळ माथ्यानें करी, तेंच नातवानें केलें कीं शिपाई दारांत उभा ! येथें बिघडलें काय ? वारल्याचे संस्कार बदलले नव्हते आणि त्याची नियतहि बदलली नव्हती. बदलली होती ती कायद्याची रेघ. गुन्ह्याचा विचार करतांना हा तिसरा पक्ष नेहमीं विसरला जातो. संस्कार व निवड यांचा वाद घालण्यापूर्वीं, रेघ कोणीं व कोणाच्या सोयीसाठीं ओढली हें विचारलें पाहिजे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें वनवासी कुटुंबांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. म्हणजे एके काळीं जी चोरी होती तीच आतां मालकी ठरली.

याच्या उलट बाजूस दुसरा एक वर्ग होता, ज्याचें करणें गुन्हा असूनहि गुन्हा म्हणविलें जात नसे. लग्नासाठीं सावकाराकडून थोडे पैसे घ्यावे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या शेतावर राबावें, अशी चाल या भागांत होती. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज बहुधा फिटतच नसे. याखेरीज जमीनदारांना व अधिकाऱ्यांना वेठ द्यावी लागे. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळांत सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून मुंबई सरकारनें आदिवासी भागांची पाहणी करविली. वेठ, मारहाण आणि स्त्रियांवरील जुलूम यांची नोंद त्याच्या अहवालांत सरकारी शिक्क्यानिशीं झाली.

आतां संस्कारांचा युक्तिवाद येथें लावून पाहावा. जमीनदाराच्या घरांतील मूल बापाला चाबूक हातीं घेतलेला पाहतच वाढलें. वारली हा राबण्यासाठींच जन्मास येतो, हें त्यानें दुधाबरोबर घेतलें. मोठेपणीं त्यानेंहि चाबूक उचलला. लांकूड चोरणाऱ्या वारल्याला परिस्थितीचा फायदा द्यावयाचा तर या मुलालाहि तो द्यावा लागेल. कारण त्याचेहि संस्कार तितकेच पक्के होते. संस्कारांची सबब गरिबांसाठींच राखून ठेवलेली नाहीं; ती जुलमी माणसालाहि तितकीच चपखल बसते. म्हणूनच केवळ संस्कारांवर सर्व भार टाकणारें मत दयाळू वाटलें तरी तें न्यायाला पुरें पडत नाहीं. तें मानलें तर चाबकाचा वळ ज्याच्या पाठीवर उठला त्याची फिर्याद ऐकण्यास कोणीच उरत नाहीं.

आणि केवळ निवडीवर भार टाकणारें मत ? त्याचीहि परीक्षा याच भागानें घेतली आहे. 'वारली इतकीं वर्षें मुकाट्यानें वेठ कां करीत होता ? नको म्हणण्यास त्याला कोणीं अडविलें होतें ?' असें विचारणारे लोक त्या काळींहि होते. २३ मे १९४५ रोजीं उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें किसान सभेची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर हे तिचे पुढारी. वेठ करावयाची नाहीं, आणि जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोज बारा आण्यांपेक्षां कमी मजुरीनें जावयाचें नाहीं, असें तेथें ठरलें. पिढ्यान्‌पिढ्या 'होय' म्हणण्याचा संस्कार झालेल्या हजारों माणसांनीं एका पावसाळ्याच्या आंत 'नाहीं' म्हणून दाखविलें. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. पांच जण मृत्युमुखीं पडले. तरीहि वेठ परत आली नाहीं. गोदावरी परुळेकरांनीं हा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या ग्रंथांत नोंदविला आहे. पुढें १९७६ सालच्या वेठबिगारनिर्मूलनाच्या कायद्यानें बिगारी राबविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि चाबकवाल्याची चाल अखेर गुन्ह्याच्या वहींत आली.

या प्रसंगापासून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. संस्कार हा शिलालेख नाहीं. मनुष्य तो पुसूं शकतो. पण एकटा मनुष्य तो क्वचितच पुसतो. शेजारचा पाडा 'नाहीं' म्हणतो आहे हें दिसलें, तेव्हां दुसऱ्या पाड्याला 'नाहीं' हा शब्द उच्चारतां आला. निवड करण्यापूर्वीं निवडीसाठीं दुसरी वाट आहे हें माणसाच्या दृष्टीस पडावें लागतें.

समुदायाचें हें बळ नेहमीं भल्याकडेच नेतें असें मात्र नाहीं. याच डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदीच्या काळांत चोर व मुलें पळविणारे आल्याच्या अफवा पसरलेल्या असतां, जमावानें वाट अडवून दोन साधु व त्यांचा मोटारचालक यांचा जीव घेतला. शंभरांहून अधिक लोकांस अटक झाली, आणि प्रकरण न्यायालयाकडे गेलें. कोणाचा दोष किती हें ठरविणें न्यायालयाचें काम. परंतु विचार करण्यासारखें एवढें आहे कीं, त्या रात्रीं घराबाहेर पडलेले, घरांतच राहिलेले, आणि जमावाला आवरूं पाहणारे हे सर्व एकाच मुलखांत, एकाच गरिबींत वाढलेले होते. त्या गांवच्या सरपंच स्त्रीनें जमावाला थांबविण्याचा प्रयत्न केला, असें त्या वेळच्या वृत्तांत आलें होतें. समान संस्कारांतून असमान कृत्यें निघालीं, तर मधलें अंतर कशानें भरावयाचें ? तें निवडीनेंच भरावें लागतें. भीतीचा व अफवेचा जोर मान्य केला तरी दगड उचलणारा हात शेवटीं कोणा एकाचाच असतो.

या विषयावर परदेशांत जीं दीर्घ निरीक्षणें झालीं, तींहि याच दिशेस बोट दाखवितात. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील इप्सिलांटी या गांवीं १९६२ पासून १९६७ पर्यंत एक प्रयोग झाला. गरीब निग्रो कुटुंबांतील १२३ मुलें चिठ्ठ्या टाकल्यासारखीं दोन गटांत विभागलीं. ५८ मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षीं उत्तम बालशाळा मिळाली, ६५ मुलांना मिळाली नाहीं. चाळिसाव्या वर्षापर्यंत पाहतां, पांच अगर अधिक वेळां अटक झालेल्यांचें प्रमाण शाळा न मिळालेल्यांत शेंकडा ५५ आणि शाळा मिळालेल्यांत शेंकडा ३६ होतें. बालपणाच्या दोन वर्षांचा पडसाद चाळिशीपर्यंत ऐकूं यावा, हें संस्कारांचें सामर्थ्य. परंतु हेच आंकडे उलट बाजूनेंहि वाचावे. शाळा मिळालेल्यांतहि शेंकडा ३६ त्या वाटेला गेले, आणि शाळा न मिळालेल्यांतहि शेंकडा ४५ गेले नाहींत. संस्कार पारडें झुकवितात. निकाल लिहीत नाहींत.

चांगल्या हेतूनें दिलेला प्रत्येक आधार उपयोगीच पडतो, असेंहि समजूं नये. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १९३९ सालीं सुरू झालेल्या एका प्रयोगांत पांचशेंहून अधिक मुलगे घेऊन त्यांतील निम्म्यांना कित्येक वर्षें सल्लागार, शिकवणी व सुटींतील शिबिरें यांचा लाभ दिला. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनीं त्यांचा माग काढला. १९७८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, मदत मिळालेले मुलगे न मिळालेल्यांपेक्षां बरे निघाले नाहींत, आणि कांहीं बाबतींत तर अधिक वाईट निघाले. वरून लादलेली देखरेख आणि मुलाच्या स्वतःच्या अंगीं आलेलें सामर्थ्य या दोहोंत अंतर आहे.

न्यूझीलंडांतील ड्यूनेडिन शहरांत १९७२-७३ सालीं जन्मलेल्या १,०३७ मुलांचें निरीक्षण त्यांच्या प्रौढपणापर्यंत चालू राहिलें. लहानपणीं ज्यांच्यांत आत्मसंयम कमी आढळला, त्यांना पुढें न्यायालयांत दोषी ठरविलें जाण्याचें प्रमाण अधिक निघालें. घरची सांपत्तिक स्थिति व बुद्धि हिशेबांत घेऊनहि हा फरक उरला. शिवाय असेंहि दिसलें कीं, कुमारवयांत आडवाटेस लागणाऱ्यांपैकीं बहुतेक जण तारुण्याबरोबर सरळ होतात. बालपणापासून म्हातारपणाकडे तीच वाट धरणारे फार थोडे. बॉस्टनमधील पांचशें गुन्हेगार मुलांचा ग्लूक पतिपत्नींनीं केलेला अभ्यास पुढें सॅम्प्सन व लाउब या विद्वानांनीं पुन्हां तपासला. तेव्हां टिकाऊ नोकरी आणि सुखाचा संसार यांनीं अनेकांची वाट बदलल्याचें त्यांना दिसून आलें. आत्मसंयम ही निवडीची हत्यारपेटी होय, आणि ती पेटी भरण्याचें काम घर व शाळा करतात. संस्कार व निवड यांना दोन पैलवानांप्रमाणें आखाड्यांत उतरविण्याची पद्धतच यामुळें चुकीची ठरते. पहिल्यानें दुसऱ्याला जेवूं घालावें लागतें.

हें जेवूं घालण्याचें काम डहाणू तालुक्यांत कसें झालें, तें सर्वश्रुत आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारल्यांचीं मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून त्यांना दोष देण्याऐवजीं या दोघींनीं शाळाच पाड्यावर नेली. अंगणांत भरते ती अंगणवाडी. गुरें चारणाऱ्या मुलांमागें कुरणांत जाते ती कुरणशाळा. स्नान, गाणीं, मोजणें, ओळीनें बसणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परंतु पाळी येईपर्यंत थांबूं शकणारें मूल हेंच पुढें राग आला असतां हात आवरूं शकणारा मनुष्य होतें. गुन्हा टाळण्याचा उपदेश त्या शाळांत कोणी केला नसेल. उपदेशाची गरजच कमी करण्याचें काम तेथें झालें.

मग ज्याच्या हातून गुन्हा घडून गेला त्याचें काय ? त्याचेंहि उत्तर महाराष्ट्रांत शोधलें गेलें आहे. १९३९ सालीं औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही वसाहत सुरू झाली. संस्थानाधिपति भवानराव पंतप्रतिनिधि आणि पोलंडांतून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा तिला आधार होता. जन्मठेपेच्या व लांब मुदतीच्या कैद्यांना तेथें भिंतीवांचून ठेविलें. त्यांनीं शेती करावी, बायकामुलांसह राहावें, आणि पळून जाण्याची वाट मोकळी असतांना न पळावें, अशी ही योजना. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आंखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. या योजनेंतील मर्म असें कीं, बेडी घातलेल्या माणसाला न पळण्याचें श्रेय मिळत नाहीं. दार उघडें असल्याखेरीज प्रामाणिकपणा दिसत नाहीं, आणि दिसल्यावांचून तो वाढत नाहीं. कैद्याला जबाबदार धरणें म्हणजे त्याला पुन्हां निवड करूं देणें, असा अर्थ स्वतंत्रपुरानें केला. शिक्षा तेथेंहि होतीच. पण ती माणसाला माणूस समजून दिलेली होती.

या सर्वांचा हिशेब करतां व्यवहारासाठीं कांहीं सूत्रें हातीं लागतात. जें घडून गेलें त्याचा विचार करतांना करणाऱ्याची निवड पाहावी, आणि ती निवड करण्याची कितपत शक्ति व किती वाटा त्याला मिळाल्या होत्या यावरून शिक्षेचें माप ठरवावें. जें अद्याप घडावयाचें आहे त्याचा विचार करतांना घर, शाळा, मजुरी व कायदा यांकडे पाहावें. कारण उद्यांच्या चोराला आज उपदेश करतां येत नाहीं, परंतु उद्यां चोर होऊं शकेल अशा मुलाला आज जेवण, शाळा व शिक्षकाचा वेळ देतां येतो. बापानें पहिल्या चोरीकडे कानाडोळा करूं नये, आणि पहिल्या चोरीवरून मुलाला चोर हें नांवहि ठेवूं नये; सोलापूरच्या कुंपणानें नांवाचा परिणाम पुरता दाखविला आहे.

आणखी एक विवेक प्रत्येकानें स्वतःपुरता बाळगण्यासारखा आहे. परिस्थितीची सबब दुसऱ्यासाठीं शोधावी. स्वतःसाठीं शोधूं नये. निवडीचा जाब आधीं स्वतःला विचारावा, मग दुसऱ्याला. जगांत सामान्यतः याच्या नेमकें उलट चालतें. आपल्या मुलाच्या हातून कांहीं घडलें कीं संगत वाईट होती असें म्हणतात, आणि पाड्यावरच्या मुलाच्या हातून तेंच घडलें कीं त्यांची जातच तशी असें म्हणतात. हा दुटप्पीपणा जोंवर सुटत नाहीं, तोंवर न्यायासनावर कोणीहि बसला तरी तराजूचा काटा सरळ राहणार नाहीं. आणि त्याची किंमत, आजवर दिली तशीच, ज्यांच्या वांट्याला सर्वांत थोड्या वाटा आल्या त्यांनाच द्यावी लागेल.